लष्करी लिलावातला ट्रक घरची रोजची गाडी होऊ शकतो का?

प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं, त्यांतली दोन लहान मुलं. शाळा, बाजार, कामावर जाणं-येणं आणि सुटीतला लांबचा प्रवास हे सगळं लष्कराने निकालात काढलेल्या ट्रकवर भागवायचं आहे. कोणता ट्रक घ्यावा, त्यात काय बदलावं आणि रोजच्या वापरात काय बिघडतं?

ट्रक टिकेल, त्याची काळजी नको. पण लष्करात या गाडीमागे माणसं राबत असतात. निघण्याआधी, वाटेत आणि गाडी उभी केल्यावर तपासणी करणारा चालक असतो, ठरल्या अंतराला ग्रीस मारणारा मेकॅनिक असतो आणि सुट्या भागांचं कोठार असतं. गाडी तुमच्या दारात येते तेव्हा हा सगळा फौजफाटा मागे राहिलेला असतो. त्यांचं काम रोज दहा-पंधरा मिनिटं आणि महिन्यातून एक पूर्ण दिवस तुम्ही करणार असाल, तरच यात पडा. शिवाय घरात दुसरी साधी गाडी हवीच. ब्रेकचा एक सिलिंडर गळू लागला की हा ट्रक आठवडाभर उभा राहतो, आणि शाळा काही थांबत नाही. त्यामुळे घरातली एकुलती एक गाडी म्हणून मी लष्करी ट्रक कोणालाच सुचवणार नाही.

कोणता घ्यावा

लष्करी ट्रक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकी अडीच टनी एम३५ येतो. ही मालिका १९५० पासूनची. लिलावांत सर्वांत जास्त फिरली ती तिची एम३५ए२ ही आवृत्ती. सहाही चाकांना ओढ, रिकामं वजन सहा टनांच्या आसपास, ७.८ लिटरचं सहा सिलिंडरचं मल्टिफ्युएल, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारं इंजिन, ताकद साधारण १३५ ते १४० अश्वशक्ती, पाच गिअर आणि पॉवर स्टिअरिंग नाही. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, पण इंजिन सुखात असतं ते ७५-८० ला. एका लिटरमध्ये साडेतीन ते साडेचार किलोमीटर. केबिनमध्ये चालक आणि फार तर दोन माणसं मावतात. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब इथेच चुकतो, आणि चौथ्याला हौद्यात बसवणं हा त्यावर उपाय नव्हे. एम३५ए३ ही सुधारित आवृत्ती त्या मानाने सुसह्य आहे: कॅटरपिलर ३११६ डिझेल इंजिन, ॲलिसनचा चार गिअरांचा ऑटोमॅटिक, मागे जोडटायरांऐवजी मोठे एकेरी टायर. जागा मात्र तेवढीच.

एलएमटीव्ही एम१०७८ हा त्याच्या पुढच्या पिढीचा ट्रक. चार चाकांना कायम ओढ, सुरुवातीच्या गाड्यांत २२५ अश्वशक्तीचं कॅटरपिलर ३११६, ॲलिसनचा सात गिअरांचा ऑटोमॅटिक, वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास बांधलेला. चालवायला एम३५ पेक्षा कितीतरी सोपा. पण वजन साडेसात-आठ टन, केबिन इंजिनावर चढवलेली आणि बैठक इतकी उंच की वयस्क माणसाला वर घ्यायचं तर खालून एकाने आधार द्यावा लागतो.

युनिमॉग ४०४ देखणा आणि चिवट. १९५५ ते १९८० या काळात ६४,००० हून अधिक बनले. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ८२ अश्वशक्ती, सहा गिअर, पोर्टल एक्सल (चाकापाशी गिअरपेटी असल्यामुळे गाडी उंच ठेवणारा). कागदावर ताशी ९५ किलोमीटर जातो, पण ७५ च्या वर केबिनमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. नेहमीच्या गाडीत दोनच जागा. पिन्झगावर ७१० वजनाने साधारण दोन टन, कॉइल स्प्रिंगवर, हवेने थंड होणारं २.५ लिटरचं चार सिलिंडर इंजिन. ताडपत्रीच्या ७१०एम मध्ये दहा जण बसतात, पण मागच्या बैठका आडव्या, समोरासमोर. इंजिन पुढच्या दोन सीटांमध्ये असल्यामुळे उन्हाळ्यात पाय भाजतात.

कुटुंबासाठी माझा कौल या सगळ्यांना बाजूला ठेवून अमेरिकी लष्कराच्या १९८० च्या दशकातल्या शेव्हरलेट गाड्यांना आहे: एम१००८ पिकअप आणि एम१००९ ही बंद बॉडीची गाडी. मूळ गाडी बाजारातलीच, फक्त रंग आणि विजेची जोडणी लष्करी. ६.२ लिटर डिझेल, तीन गिअरांचा ऑटोमॅटिक, पुढे तोंड करून बसायच्या सीटा, खांद्यावरून येणारे पट्टे, पॉवर स्टिअरिंग. एम१००९ मध्ये मागची सीटही आहे. ‘हा काय ट्रक झाला?’ असं लोक म्हणतील, म्हणू देत. मोठाच ट्रक हवा असेल तर अग्निशमन दलातून निघालेला दुहेरी केबिनचा युनिमॉग यू१३००एल शोधा. असे ट्रक छपराखाली उभे असतात, फार चाललेले नसतात आणि मागची बैठक मुळातच माणसांसाठी केलेली असते.

कागद, परवाना, उंची

परवाना रिकाम्या वजनावर ठरत नाही, गाडीवर नोंदलेल्या कमाल एकूण वजनावर ठरतो. युरोपात साध्या बी परवान्याची मर्यादा ३,५०० किलो, सी१ ची ७,५०० किलो. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याची रेषा २६,००१ पौंडांवर, म्हणजे जवळपास ११,८०० किलोंवर आहे. त्यामुळे एकच एम३५ एका देशात साध्या परवान्यावर चालतो आणि दुसऱ्या देशात अवजड वाहनाचा परवाना मागतो. अमेरिकी लिलावात एसएफ-९७ हा फॉर्म मिळतो आणि त्यावरून मालकीचा कागद तयार होतो. काही गाड्यांच्या कागदावर फक्त रस्त्याबाहेरच्या वापराचा शेरा असतो. बोली लावण्याआधी तो वाचा, नंतर पुसता येत नाही. विम्याचंही आधीच विचारून घ्या: जुन्या, संग्रही गाड्यांची स्वस्त पॉलिसी बहुतेकदा कामावर रोज जाण्या-येण्याला लागू होत नाही, आणि अपघातानंतर कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

उंची मोजा. छपरी पार्किंगची कमान साधारण २ ते २.१ मीटरची असते आणि ताडपत्री लावलेला एम३५ पावणेतीन मीटरच्या वर जातो. वळायला त्याला २० मीटरहून मोठं वर्तुळ लागतं. ज्या शाळेच्या फाटकात तो एका दमात वळत नाही, तिथे रोज सकाळी तुमच्यामागे रांग लागेल.

मुलं कुठे बसणार

इथे तडजोड नको. हौद्यातल्या लाकडी बैठका सैनिकांसाठी असतात, आडव्या असतात आणि धडकेत बसलेला माणूस कुशीवर फेकला जातो. मुलांच्या सीटा बनवणारे आडव्या बैठकीवर सीट बसवायला परवानगी देत नाहीत. ताडपत्रीच्या हौद्याला आणखी एक धोका आहे. मागचा पडदा उघडा ठेवून चालवलं की गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. मागे बसलेलं मूल पेंगतंय असं वाटतं, ते झोपेने की कार्बन मोनॉक्साइडने हे पुढच्या माणसाला कळत नाही. केबिनमध्येही कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावा. मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडावरची गळती फरशीच्या भोकांतून वर येते.

जुन्या ट्रकांत बहुधा पट्टे नसतात. बसवायचे तर पातळ पत्र्याला नुसता नट लावून भागत नाही, तो पत्रा कागदासारखा फाटतो. पत्र्याखाली किमान ७५ बाय ७५ मिलिमीटर आकाराची, ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी द्या, कोपरे गोल करा आणि सीटबेल्टचाच ७/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचा) उच्च ताणशक्तीचा बोल्ट वापरा. शक्य तिथे आधार चॅसिसला जोडलेल्या चौकटीतून घ्या. मात्र केबिन रबरी बुशांवर हलते, तेव्हा सीट केबिनला आणि पट्टा चॅसिसला अशी जोडणी करू नका. दोन्ही एकाच तुकड्याला हवेत. कमरेचा पट्टा फरशीशी ४५ ते ६० अंशांत यावा. खांद्याच्या पट्ट्याला वरचा आधार ताडपत्रीच्या केबिनमध्ये मिळतच नाही. तिथे पत्र्याचं टणक छप्पर किंवा पोलादी नळीचा पिंजरा आधी बसवावा लागतो.

एवढं करूनही गाडीत धडक शोषणारा भाग नसतो. पुढचा बंपर म्हणजे चॅसिसला ठोकलेली पोलादी पट्टी. समोरच्या छोट्या गाडीचं त्यात जे व्हायचं ते होतं. तुमच्या माणसांना पूर्ण झटका बसतो.

तिसरी गोष्ट दृष्टीची. लांब बॉनेटच्या ट्रकसमोर उभं असलेलं पाच-सहा वर्षांचं मूल चालकाला दिसत नाही, मागे तर मोठं माणूसही दिसत नाही. पुढे-मागे कॅमेरे आणि बहिर्वक्र आरसे लावा, तरीही गाडी हलवण्याआधी मुलं गाडीत किंवा घरात आहेत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.

ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे घाला.

एम३५ए२ चे ब्रेक हवा आणि तेल यांच्या जोडीवर चालतात. पायाखालचा मास्टर सिलिंडर तेलावर दाब देतो, हवेवर चालणारा बूस्टर तो दाब वाढवतो आणि सहाही चाकांच्या ड्रमपर्यंत पोचवतो. अडचण अशी की सगळ्यांसाठी एकच मार्ग असतो. मागच्या चाकाजवळची एक रबरी नळी फुटली की सहाही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पन्नास वर्षं जुन्या नळ्यांवर मुलांना घेऊन फिरायचं नसतं. म्हणून पहिल्या किलोमीटरच्या आधी सर्व रबरी नळ्या नव्या, सर्व चाकांचे सिलिंडर उघडून तपासलेले किंवा नवे, आणि मास्टर सिलिंडर नवा. त्यानंतर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि दोन बूस्टर लावून पुढचा-मागचा मार्ग वेगळा करा. हा बदल अनेकांनी केलेला आहे, त्याचे भाग मिळतात. रोज वापरायच्या ट्रकला मी तो ऐच्छिक मानत नाही.

तेलाचा घोळ समजून घ्या. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात सिलिकॉनचं, म्हणजे डॉट ५ तेल स्वीकारलं. बाजारातलं डॉट ३, डॉट ४ आणि नाव सारखं असलेलं डॉट ५.१ ही सगळी ग्लायकॉलची. दोन्ही एकत्र झाली की मिसळत नाहीत, गाळ धरतात आणि सील खराब होतात. टाकीत काय आहे ते कळेपर्यंत वरून एक थेंबही ओतू नका. बदलायचंच असेल तर सर्व सील नवे घालून, नळ्या स्पिरिटने धुऊन, कोरड्या करून मगच बदला. फक्त नवं तेल ढकलून जुनं बाहेर काढणं पुरेसं नाही. सिलिकॉन तेल पाणी शोषत नाही, म्हणून आत शिरलेलं पाणी सखल जागी, बहुधा चाकाच्या सिलिंडरमध्ये, साचून गंज आणतं. दर दोन वर्षांनी प्रत्येक चाकातून थोडं काढून पाहा. मास्टर सिलिंडर केबिनच्या फरशीखाली असल्यामुळे त्याची पातळी बघायला लोक विसरतात.

ड्रम उघडणं हे साध्या गाडीचं काम नाही. या एक्सलवर ड्रम हबच्या आतल्या बाजूला असतो. लायनर, म्हणजे ब्रेकचं घर्षणाचं अस्तर, बघायचा तर एक्सलचा शाफ्ट काढा, मग बेअरिंगचे नट, त्यासाठी ३ इंची अष्टकोनी पाना, आणि मग हब व ड्रम एकत्र ओढा. म्हणून एकदा उघडलं की सिलिंडर, आतलं-बाहेरचं सील, बेअरिंगचं ग्रीस आणि लायनर हे सगळं एकाच बैठकीत आटपा. चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओघळ दिसला तर वास घ्या: गिअर तेलाचा उग्र गंधकी वास आला तर सील गेलंय, वास नसलेला चिकट ओघळ असेल तर ब्रेकचा सिलिंडर. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

हवेची बाजू रोज बघायची. दाब १०५ ते १२० पीएसआयपर्यंत चढला पाहिजे; साठाच्या आसपास उतरला की इशाऱ्याचा भोंगा वाजतो. तो वाजत असताना गाडी हलवायची नाही. हवा नसली तरी पायाच्या जोरावर ब्रेक थोडे लागतात, पण सहा टनांना थांबवायला तो जोर पुरत नाही. चाचणी सोपी आहे: पूर्ण दाब भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि मिनिटभर काटा बघा. ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी घेऊन गळती शोधा. संध्याकाळी टाक्यांच्या तळाचे कॉक उघडून पाणी सोडा. हे पाणी बूस्टरमध्ये गेलं की आतला पिस्टन गंजून अडकतो आणि ब्रेक सुटत नाहीत. ड्रम तापतात, वास येतो आणि लोक उगाच लायनरना दोष देतात.

हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ओढ वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या शाफ्टवर असतो. तो उभ्या गाडीसाठी आहे, धावत्या गाडीत ओढला तर शाफ्टचे जोड तुटतात. अशी रचना असलेल्या चार चाकांच्या गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीमुळे) ते मोकळं फिरतं आणि हातब्रेक लावलेली गाडी घरंगळते. दोन लाकडी ओंडके गाडीत कायम असू द्या आणि जॅक लावण्याआधी चाकाखाली घाला. एलएमटीव्हीला पूर्ण हवेचे ब्रेक असतात. तिथे हवा गेली की स्प्रिंगमुळे ब्रेक आपोआप लागतात. हे जास्त सुरक्षित आहे, पण चौकात हवा गेली तर गाडी चौकातच बसते.

टायर आणि रिंग

लिलावातल्या टायरांवर नक्षी भरपूर दिसते आणि माणूस फसतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालच्या आधीचा. दहा वर्षांच्या वरचा टायर, नक्षी कितीही असो, रस्त्यावर चालवू नका. एम३५ चे मूळ ९.००-२० चे लष्करी टायर चिखलासाठी बनलेले आहेत. ओल्या डांबरावर ते साबणासारखे सरकतात. रोजच्या वापराला रस्त्याच्या नक्षीचे रेडियल घ्या. एकेरी ११.००-२० रेडियल लावले तर व्यास सात-आठ टक्के वाढतो, तेवढ्याच इंजिनफेऱ्यांत वेग थोडा वाढतो आणि इंजिनाचा आवाज उतरतो. मात्र चढाला गिअर लवकर उतरवावा लागेल आणि स्टिअरिंग आणखी जड होईल.

जोडटायरांत दोघांच्या व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मोठा टायर सगळं ओझं उचलतो आणि लहान घासत राहतो. एम३५ च्या मागच्या दोन एक्सलांमध्ये वेगळा डिफरन्शियल नसल्यामुळे त्या आठही टायरांचा व्यास जुळावा लागतो, नाहीतर शाफ्टवर कायम पीळ राहतो. पुढच्यांचंही तेच, नाहीतर पुढची ओढ नको तेव्हा लागते आणि ट्रान्सफर केसचा स्प्रॅग (पुढची ओढ आपोआप जोडणारा क्लच) झिजतो.

डिस्कला लॉक रिंग (टायर जागेवर धरणारं सुटं कडं) असेल तर हवा पिंजऱ्यात ठेवूनच मारायची, लांब नळीने, समोर उभं न राहता. नीट न बसलेली रिंग सुटली तर माणूस मारते. हे घरी करायचं काम नाही. नटांबद्दल दोन गोष्टी: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात, त्यांच्यावर एल हे अक्षर असतं. त्यांवर नेहमीच्या दिशेने पाइप घालून जोर लावणारा मेकॅनिक स्टड तोडतो. आणि जोडटायरांत आतल्या चाकाचा नट वेगळा असतो. तो कसायचा तर आधी बाहेरचा सैल करावा लागतो. फक्त बाहेरचे कसत राहिलात तर आतलं चाक ढिलंच राहतं. नवीन बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

एम३५ चं एक चाक ९०-१०० किलोंचं, एलएमटीव्हीचं दीडशेच्या आसपास. घरात जो कोणी गाडी चालवणार आहे त्याला एकट्याने ते बदलता येणार नाही. म्हणून स्टेपनीपेक्षा मदत कोणाकडून येणार हे आधी ठरवलेलं जास्त कामाचं.

वीज, दिवे आणि चोर

बहुतेक लष्करी ट्रक २४ व्होल्टवर चालतात: १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. मोबाइल चार्जर, कॅमेरा, रेडिओ या सगळ्यांना १२ लागतात, आणि इथे हमखास एक चूक होते: दोनपैकी एका बॅटरीवरून १२ ची तार काढली जाते. ती बॅटरी रिकामी होत जाते, अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २४ समजून भरत राहतो. परिणामी एक उपाशी राहते, दुसरी जास्त भरून उकळते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर लावा, २०-३० अँपिअरचा घरच्या गरजांना पुरतो. बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या. शेजाऱ्याच्या साध्या गाडीवरून वायर जोडून ट्रक सुरू करायला जाऊ नका.

एम१००८ आणि एम१००९ मध्ये मिश्र जोडणी आहे: दोन अल्टरनेटर, स्टार्टर २४ वर, दिवे आणि बाकीचं १२ वर. ग्लो प्लगना (थंड इंजिन सुरू करायला सिलिंडर तापवणाऱ्या प्लगना) २४ मधून रेझिस्टरने कमी करून वीज जाते. रिले चिकटला की प्लग जळतात, त्यांची टोकं फुगतात आणि काढताना तुटून सिलिंडरमध्ये पडू शकतात. रेझिस्टर काढून प्लगची जोडणी सरळ १२ वर आणणं हा या गाडीवरचा सर्वांत फायद्याचा एक दिवसाचा बदल.

आता दिव्यांचा खटका. लष्करी तीन कळींच्या खटक्यात मुख्य कळ बंद असली की ब्रेकचे दिवेही बंद असतात. दिवसा चालवताना ती ‘स्टॉप लाइट’ या जागेवर ठेवावी लागते, तेव्हाच ब्रेक आणि वळणाचे दिवे लागतात. ब्लॅकआउटच्या, म्हणजे शत्रूला दिसू नये म्हणून दिवे झाकण्याच्या, जागी गेली तर मागच्याला काहीच दिसत नाही. घरात दुसरं कोणी चालवणार असेल तर ब्लॅकआउटची जोडणी तोडा आणि ब्रेकच्या दिव्यांना थेट तार द्या.

एम३५ ला किल्ली नसते. खटका फिरवायचा, बटण दाबायचं, झालं. इंजिन बंद होतं तेही खटक्याने नाही, इंधन तोडणारी दांडी ओढून. त्यामुळे चोर आणि जिज्ञासू मूल दोघांनाही गाडी मोकळी असते. बॅटरीवर किल्लीचा मुख्य स्विच लावा (इंजिन चालू असताना तो तोडू नका, अल्टरनेटर जळतो), स्टिअरिंगला साखळी घाला आणि दारांना कडी-कुलूप करा.

इंजिन, इंधन, आणि शाळेपर्यंतचे तीन किलोमीटर

मल्टिफ्युएल म्हणजे वाटेल ते जाळणारं अशी समजूत आहे. ते युद्धातल्या अडचणीसाठी. रोज डिझेलच द्या. वापरलेलं इंजिन ऑइल किंवा तळणीचं तेल गाळून घातलं की आधी गाळण्या बुजतात, मग रिंगांवर कार्बन साठतो, आणि वाचवलेले पैसे पंपाच्या दुरुस्तीत जातात. जुने इंधन-होज जैवइंधन मिसळलेल्या डिझेलने फुगून मऊ होतात. सगळे आधीच बदला. पंपाचा स्क्रू फिरवून ताकद वाढवण्याचा मोह होतो. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर लावल्याशिवाय हात लावू नका, हेड गॅस्केट हे या इंजिनाचं दुखरं ठिकाण आहे.

तेलाची काडी रोज. यात २० लिटरच्या आसपास तेल बसतं. पातळी उतरली तर भरता येते. पण पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवा. इंजेक्शन पंपातून इंधन तेलात गळतंय, बेअरिंगला वंगण उरत नाही आणि इंजिन तेच मिश्रण ओढून बेलगाम पळू शकतं.

कुटुंबाच्या वापराची खरी अडचण मात्र वेगळी आहे: अंतरं छोटी असतात. वीस लिटर तेल आणि शेकडो किलोंचं लोखंड तीन किलोमीटरमध्ये तापत नाही. पाण्याचा काटा हलायच्या आत तुम्ही शाळेत पोचता आणि इंजिन बंद करता. असं रोज चार वेळा झालं की तेलात पाणी आणि काजळी साठते, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटऱ्या कधीच पूर्ण भरत नाहीत. या ट्रकांना एका फेरीत किमान २०-२५ किलोमीटर लागतात. शाळा जवळ असेल तर ती फेरी साध्या गाडीने करा, ट्रक आठवड्याचा बाजार आणि लांबच्या प्रवासाला काढा. तेल किलोमीटरवर न बदलता सहा महिन्यांनी बदला. टर्बो असेल तर बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं मंद फिरू द्या.

ग्रीस गन हे या गाडीचं दुसरं इंधन. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना, स्टिअरिंगचे जोड, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सरकते जोड मिळून डझनांनी निपल असतात. १,६०० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. ग्रीस शिरत नसेल तर निपल बदला, जोड सोडून देऊ नका. पोर्टल एक्सलवाल्या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या पेटीत वेगळं तेल असतं. ते प्रमाण इतकं थोडं की छोटी गळतीही ती पेटी कोरडी करते. पुस्तिकांसाठी क्रमांक लक्षात ठेवा: एम३५ए२ साठी टीएम ९-२३२०-२०९ आणि ३६१, एम१००८-१००९ साठी २८९, एलएमटीव्हीसाठी ३६५. शेवटी १० असलेली चालकाची, २० असलेली देखभालीची.

केबिनचा आवाज ८५ डेसिबलच्या वर सहज जातो. फरशी आणि इंजिनाच्या भिंतीवर आधी ब्युटाइलचे चिकट तुकडे, त्यावर जाड रबर, आणि मुख्य म्हणजे पेडल व दांड्यांच्या भोकांना रबरी बूट लावा. आवाज पत्र्यातून कमी आणि भोकांतून जास्त येतो. लांबच्या प्रवासात मुलांच्या कानांना इअरमफ हवेत. एम३५ चे वायपर हवेवर चालतात आणि पावसात नेमके मंदावतात, २४ व्होल्टच्या विजेच्या मोटरी बसवा.

रंग खरवडू नका. लष्करी रंगांच्या खालच्या थरांत क्रोमेट आणि शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ घरभर जाते. घासायचंच असेल तर पाण्याने, मास्क लावून, मुलांपासून लांब.

खरेदीच्या दिवशी

मीटरवरचे कमी किलोमीटर बघून हुरळू नका. दहा-पंधरा वर्षं उभ्या राहिलेल्या ट्रकचं रबर धावलेल्या ट्रकपेक्षा वाईट असतं. चॅसिसला पाट्यांच्या आधारांजवळ हातोडी मारत चला, बद्द आवाज आला तिथे गंजाचा पापुद्रा आहे. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा: वर तेलाचा तवंग असेल तर गाडी न घेता परत फिरा. रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून बघा. पुढची ओढ लावून सैल जमिनीवर पुढे-मागे करा. स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून पुढच्या नकलचे (वळणाऱ्या चाकांच्या सांध्यांचे) रबरी बूट फाटलेत का ते पाहा.

इंजिन सुरू करायला आधीच तापवून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा. थंड सुरू करा, मग अर्धा तास चालवून बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करा. थंड असताना पटकन सुरू होणारं पण गरम असताना नुसतंच फिरत राहणारं इंजिन पंपाच्या आतली झीज दाखवतं. तो पंप दुरुस्त करायला या ट्रकच्या किमतीचा मोठा वाटा जातो. किंमत तेवढी उतरत नसेल तर सोडून द्या.